विकत घेतलेले मिसिंग

महाराष्ट्रात छत्तीस जिल्हे आहेत. त्यांपैकी अकरा मी आणि माझी पत्नी वनिता यांनी स्वतःच्या गाडीने पाहिले आहेत. माझा नियम असा की जिल्ह्यात एक रात्र राहिले पाहिजे, तिथले एक जेवण जेवले पाहिजे आणि गाडी आपली असली पाहिजे. गोंदिया बारावा. वनिताचे माहेरच त्या जिल्ह्यातल्या नवेगाव बांधचे, त्यामुळे तिच्या मते तो फार पूर्वीच मोजून झाला होता. पण आजवर आम्ही तिकडे रेल्वेने किंवा एसटीने गेलो होतो, म्हणून माझ्या यादीत तो धरलेला नव्हता.

मी वजनमापे खात्यात एकतीस वर्षे काम करतो आहे. दुकानातल्या तराजूने ग्राहकाला फसवू नये हे पाहणे आमचे काम. त्याचा घरच्या माणसांवर काही परिणाम झाला असेल तर तो त्यांना विचारावा.

गेल्या वर्षी वनिताच्या मणक्याचे ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी बसायला, फिरायला परवानगी दिली, फक्त हादरे टाळा म्हणाले. पुढे कधीतरी सगळे जिल्हे फिरायचे म्हणून मी त्याआधीच चांगल्यातली गाडी घेतली होती. ऑपरेशननंतर पहिले काही महिने तिला त्या गाडीत बरे वाटत असे. दिवाळीनंतर मात्र ती म्हणू लागली की गाडी थरथरते. मी म्हणालो, नेहमीचीच आहे. ती म्हणाली, नाही. शेवटी तिने अट घातली.

"नवेगावला गाडीने येते. पण पाठ दुखली तर परत गोंदियाहून रेल्वेने येईन. आणि मग तेरावा जिल्हा तुम्ही एकटेच मोजा."

एकट्याने जिल्हा मोजण्याबद्दल माझ्या नियमात काही नव्हते. नियम करताना ती शक्यता माझ्या डोक्यातच आली नव्हती.

बुधवार. अमरावती ते नवेगाव बांध, २९८ किलोमीटर

इथे गाडीबद्दल थोडे सांगणे भाग आहे. तिच्या इंजिनात चार सिलिंडर आहेत. रस्ता सपाट असला, वेग स्थिर असला आणि इंजिनावर फार ओझे नसले की मधले दोन सिलिंडर आपोआप बंद होतात. उरलेले दोन गाडी ओढतात आणि पेट्रोल वाचते. चढ आला की चारही पुन्हा सुरू. दोन बंद असताना समोरच्या पडद्यावर तशी एक हिरवी ओळ उमटते, तिला मी बत्ती म्हणतो. ही सोय असलेले मॉडेल मी मुद्दाम निवडले आणि त्यासाठी जास्तीचे पैसे मोजले.

माझ्याकडे एक वही आहे. तारीख, किलोमीटर, लिटर, सरासरी असे रकाने आहेत आणि शेवटच्या रकान्यात प्रवासातला किती टक्के वेळ ती हिरवी बत्ती लागलेली होती तो आकडा. सकाळी सहा दहाला निघालो. नागपूरपर्यंतच्या रस्त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही, तो चांगला आहे. भंडाऱ्याच्या पुढे रहदारी कमी झाली. मी सहावा गिअर टाकला, वेग बासष्टवर धरला आणि बत्ती जी लागली ती जाईचना. मी खुशीत होतो. वनिता गप्प होती. तिचे गप्प बसणे मी तिच्या खुशीत धरले, ही पहिली चूक.

साकोलीला चहासाठी थांबलो. वनिता खाली उतरली आणि दार धरून उभी राहिली. टपरीवाल्या बाईने बाक पुसून दिला.

"बस ना बाई. काऊन उभी राह्यली?"

"बसूनच आली ना जी एवढ्या दूर," वनिता म्हणाली. "आता उभीच बरी."

अमरावतीत तीस वर्षे राहूनही साकोली आली की तिची बोली बदलते. मला हे नेहमी आवडते. या वेळी आवडले नाही, कारण वाक्याचा रोख माझ्यावर होता.

"दाढा वाजून राहिल्या माह्या," ती मला म्हणाली. "कमरेत कोणी गिरणी लावली असं वाटते."

मी वहीत पाहिले. सरासरी लिटरला एकवीस पूर्णांक चार, बत्ती एकाहत्तर टक्के. हा आजवरचा उच्चांक होता. तो तिला सांगण्याची ही वेळ नाही एवढे मला कळले, पण मी तो सांगितलाच. तिने चहा अर्धा टाकला.

कोहमाऱ्याहून वळलो की जंगल जवळ येते. धानकापणी होऊन गेली होती. बांध्यांमध्ये, म्हणजे चहूबाजूंनी मातीचे बांध घातलेल्या लहान लहान शेतांत, कापलेल्या धानाचे पुंजणे उभे होते. आमच्याकडे गंजी चौकोनी किंवा लांबट रचतात. इथले पुंजणे गोल, वर निमुळते, आणि इतके सारखे की मी त्यांचा घेर मोजायला उतरलो असतो. वनिताने फक्त माझ्याकडे पाहिले.

तिची थोरली बहीण शकूताई आणि माझे साडू दामोदरजी अंगणातच उभे होते. दामोदरजी धान पिकवतात आणि कमी बोलतात. मी गाडी हळूहळू फाटकात घेत होतो, ते रस्त्यापासूनच कान देऊन ऐकत होते. उतरल्यावर नमस्कार झाला, आणि ते म्हणाले,

"जवाई, मघा रस्त्यानं येऊन राहिले होते तवा गाडी मिसिंग मारून राहिली होती."

मिसिंग मारणे म्हणजे एखाद्या सिलिंडरने काम बंद करून इंजिनाने लंगडत चालणे. हा शब्द ट्रॅक्टरवाल्यांपासून रिक्षावाल्यांपर्यंत सगळ्यांना माहीत आहे.

"मिसिंग नाही, सोय आहे," मी म्हणालो आणि सगळे समजावून सांगितले. दामोदरजींनी शेवटपर्यंत ऐकले.

"म्हणजे दोन सिलिंडर बंद पडाव म्हनून तुम्ही पैसे देले?"

"बंद पडत नाहीत, बंद ठेवतात. पेट्रोल वाचावं म्हणून."

"आमच्या ट्रॅक्टरचा एक आपोआप बंद पडला होता. फुकट." त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. "आम्ही त दुरुस्त केला."

शकूताई पदर तोंडाला लावून आत गेली. वनिता हसली नाही. ती दोन्ही हातांनी कमर धरून ओटीवर उताणी झोपली होती.

गुरुवार. नवेगाव बांध

सकाळी दामोदरजींबरोबर तलावावर गेलो. वाचकांपैकी जे गेले नसतील त्यांनी जावे. पाणी इतके पसरलेले आहे की दुसरा काठ म्हणजे नुसती डोंगराची निळी रेघ. हिवाळ्यात बाहेरून आलेली बदके हजारांनी असतात असे म्हणतात. मी एका कोपऱ्यातली एकशे चौदा मोजली, मग ती उडाली. ढिवरांची, म्हणजे इथल्या कोळ्यांची, होडी आली, तीत टोपलीभर मासे होते. आमच्याकडे मासे घेताना आधी भाव विचारतात. इथे दामोदरजींनी आधी "पोरगी कशी हाये?" विचारले, मग होडीला पडलेल्या भोकाची चौकशी केली, मग मासे घेतले. भाव शेवटपर्यंत निघालाच नाही. तरी पैसे बरोबर दिले गेले असावेत, कारण कोणीच काही बोलले नाही.

दुपारी जेवणात भात, माशांचे कालवण आणि लाखोरीच्या डाळीचे वडे. लाखोरीचे बी धान कापायच्या आधीच ओल्या बांध्यांत फेकून ठेवतात, ते पुढे आपले आपण उगवते. भात अमरावतीकर जेवणाच्या शेवटी खातो. इथे तो सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी असतो. मी पोळी मागितली तेव्हा शकूताईने "जवाईची तब्येत बरी नाई का?" असे वनिताला विचारले.

वनिता उभ्यानेच जेवली. जेवण झाल्यावर तिने माझ्यासमोर मोबाइल काढला आणि शनिवारचे गोंदिया ते बडनेरा तिकीट काढले. एकच. वरची बर्थ नको, खालची, एवढे तिने मला वाचून दाखवले.

"थरथरतं म्हणजे नेमकं किती?" मी विचारले. "मिनिटाला दीड हजार फेरे असतात तेव्हा चार सिलिंडर सेकंदाला पन्नास ठोके देतात. दोन बंद झाले की पंचवीस. म्हणजे ठोके अर्धे होतात. तू म्हणतेस वाढले."

"ठोके कमी झाले म्हणून हादरा कमी होतो, असं कुठं लिहिलंय?"

तेवढ्यात शकूताई बोलली. ती वडे झाकून ठेवत होती, तिला इंजिनात काही रस नव्हता.

"आमी चौघीजनी एका उखळात कांडत होतो, तवा जमीन नुसती गुणगुणे. दोघी पान्याले गेल्या का राहिलेल्या दोघींले तेवढंच कांडा लागे. मंग एकएक मुसळ असं पडे, का चुलीवरचं झाकन उडे. ठोके कमी, पन जोर दुप्पट. तुमच्या गाडीतल्या दोघी पान्याले गेल्या, दुसरं काय."

एकतीस वर्षे वजनमापे तपासून मला जे सांगता आले नव्हते ते तिने झाकण ठेवता ठेवता सांगितले. मी ते वहीत लिहून घेतले. तिला वाटले मी वड्यांची कृती लिहितो आहे, म्हणून तिने तीही सांगितली.

"अन् त्याच्यावर काय इलाज?" मी विचारले.

"खासरात बाळंतीन नेत होतो तवा खाली तणस टाकत होतो," शकूताई म्हणाली. खासर म्हणजे बैलगाडी, तणस म्हणजे धानाचा पेंढा. "हातभर तणस, वर गोधडी. तिले हिसका लागे ना पोराले. गाडीले नरम केल्याबिना होत नाई जवाई. अशी कडक गाडी कायले घेतली?"

शुक्रवार. गोंदिया

दामोदरजींना गोंदियात राइस मिलवर काम होते. तिथेच खेमराज नावाचा एक मिस्त्री आहे, मिलचे जनरेटर आणि इंजिने तोच पाहतो, आणि जे त्याला जमत नाही ते बहुधा कोणालाच जमत नाही, असे ते म्हणाले. वनिताला एवढ्या जाहिरातीची गरज नव्हती. तिचे स्टेशनच गोंदियाला होते. शकूताईने मागच्या सीटवर तणसाने भरलेले पोते टाकले, त्यावर गोधडी, आणि वनिताला त्यावर बसवले. साडेचौदा लाखांच्या गाडीत पेंढ्याचे पोते टाकावे लागले, याची नोंद मी वहीत केली नाही. वाटेत मी आरशातून पाहिले. ती प्रथमच जरा टेकून बसली होती.

गोंदिया शहर हिंदीत बोलते. रिक्षावाल्याने मला 'भैया' म्हटले, मी त्याला 'भाऊ' म्हटले, आणि दोघांनाही आपलेच बरोबर वाटले. खेमराजची शेड मिलच्या मागे होती. पन्नाशीचा माणूस, चष्म्याची एक काडी सुतळीने बांधलेली. वनिताला त्याने रिकाम्या पोत्यांच्या थप्पीवर बसवले आणि आम्ही दोघे गाडीत बसलो.

"टिफिन है का, भाऊ?"

मी डबा दिला. त्याने त्याचे स्टीलचे झाकण काढले, मिलच्या दारातून चिमूटभर तांदूळ आणला, झाकणात टाकला आणि झाकण गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवले.

"चला. जसे चालवता तसेच चालवा."

तिरोड्याच्या रस्त्यावर निघालो. सहावा गिअर, बासष्ट, हिरवी बत्ती. झाकणातले दाणे उठले. आधी नुसते थरथरले, मग रांगेने चालू लागले आणि झाकणाच्या एका कडेला जाऊन गर्दी करून उभे राहिले.

"दाने चालून राहिले," खेमराज म्हणाला. "मिल का इंजन भी ऐसाच करते. दाने जागेवर बसले म्हणजे फाउंडेशन बरोबर. चालले म्हणजे खाली रबर नाई."

"रबर आहे," मी म्हणालो. "आणि नवीन आहे. दिवाळीतच बदललं."

"काय टाकलं?"

मी सांगितले. इंजिन दोन रबरी गाद्यांवर बसवलेले असते, आणि खाली एक हातभर लांबीची दांडी असते, इंजिन मागेपुढे डुलू नये म्हणून. त्या दांडीच्या टोकाशीही रबर असते; ते बदलायचे तर अख्खी दांडीच बदलावी लागते. अमरावतीच्या गॅरेजवाल्याने सर्व्हिसिंगच्या वेळी त्या रबरात केसाएवढी भेग दाखवली. अजून वर्षभर चालेल, म्हणाला. मी म्हणालो, नाही, बदला. त्याने दोन पर्याय दाखवले. एक मूळच्यासारखे मऊ रबर, दुसरे लालसर, कडक, दुप्पट टिकणारे. आमच्या खात्यात मऊ वस्तूला मान नाही. मऊ वजन झिजते, मऊ काटा वाकतो. मी कडक घेतले. गॅरेजवाला म्हणाला होता, "साहेब, थोडी थरथर येईल." थोडी म्हणजे किती असे मी विचारले होते. त्याला आकडा सांगता आला नाही, म्हणून मी ती जमेस धरली नाही.

खेमराजने गाडी परत फिरवायला सांगितली. शेडमध्ये तो खाली घुसला, दांडी पाहिली, बाहेर आला आणि हात पुसले.

"टिकन ना," तो म्हणाला. "लय टिकन. धोंडा भी टिकते. धोंड्यावर झोपता का तुम्ही?"

दामोदरजी मिलमधून आले होते. ते म्हणाले, "झोपत असतील. त्याईचं काही सांगता येत नाई."

इथे मला थोडे गंभीर लिहायचे आहे. दोन सिलिंडर बंद करणे सोपे आहे. अवघड आहे ते आत बसलेल्या माणसाला कळू न देता बंद करणे. गाडी बनवणाऱ्या कोणी तरी माणसांनी त्यासाठी वर्षानुवर्षे बसून इंजिनाखालची रबरे किती मऊ असावीत ते ठरवले असणार, मिनिटाला किती फेऱ्यांखाली दोन सिलिंडर बंदच करायचे नाहीत ते ठरवले असणार, आणि चारांवरून दोनांवर जाताना हिसका बसू नये म्हणून हवा आणि ठिणगी यांचे गणित घातले असणार. त्या गणिताचे एक टोक माझ्या गाडीखाली त्या दांडीच्या रबरात होते. तेवढेच मी मोजून मापून, दुप्पट टिकेल म्हणून, काढून टाकले होते. त्या मऊपणावर माझ्या बायकोची पाठ टेकलेली होती.

"जुनीवाली दांडी फेकून देली असन," खेमराज म्हणाला. "नवी मागवा लागते. नागपूरहून. सोमवार, मंगलवार."

वनिता पोत्यांवरून उठली. "सोमवार कशाला? माझी गाडी उद्याच आहे," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणून मला जास्त लागले.

तेव्हा मला आठवले. मी डिकी उघडली. आमच्या गाडीतून निघालेला प्रत्येक जुना भाग मी पिशवीत घालून, चिठ्ठी लावून ठेवतो. तीन वर्षांत सात पिशव्या झाल्या आहेत. वनिता त्यांना भंगार म्हणते. चौथ्या पिशवीवर चिठ्ठी होती, माझ्या अक्षरात: "खालची दांडी. काढली. कारण: रबरात केसाएवढी भेग."

खेमराजने दांडी हातात घेतली, रबरात अंगठा रुतवला, उजेडात धरून पाहिली. मग चिठ्ठी वाचली. मग माझ्याकडे पाहिले.

"बिमारी खाली लावून, दवाई डिकी में?" तो म्हणाला. "अमरावतीहून इथपर्यंत?"

"दोनशे अठ्ठ्याण्णव किलोमीटर," दामोदरजी म्हणाले. आकडा त्यांनी बुधवारी माझ्याकडूनच ऐकला होता.

दांडी बदलायला तेवीस मिनिटे लागली. खेमराजने भेग पुन्हा तपासली आणि म्हणाला, अजून वर्षभर आरामात. गॅरेजवालाही हेच म्हणाला होता. तीन बोल्ट, बस. कडक दांडी मी त्याच पिशवीत घातली आणि नवी चिठ्ठी लिहिली. कारणाच्या जागी एकच शब्द लिहिला: कडक.

पुन्हा तिरोड्याचा रस्ता. दाणे आता चालत नव्हते, पण जागच्या जागी नाचत होते. खेमराज झाकणाकडे पाहण्याऐवजी माझ्याकडे पाहत होता. एक लहानसा चढ आला. बत्ती विझू लागली, तसा मी नकळत पाय उचलला, वेग कमी केला, बत्ती टिकवली. इंजिन खालून गुरगुरले.

"भाऊ," तो म्हणाला, "गाडी चालवून राहिले का बत्ती?"

मी पडद्याकडे पाहिले. बत्ती लागलेलीच होती.

"थकलेल्या माणसाले बसू देत नाई तुम्ही. इंजन म्हणते, चार लावू दे, चढ हाये. तुम्ही म्हणता, नाई, दोनच. पाचवा टाका."

मी पाचवा टाकला. फेरे वाढले, आवाज पातळ झाला. दाणे बसले. बत्ती लागत होती, विझत होती, आणि ती कधी लागली नि कधी विझली हे दाण्यांकडे पाहून कळत नव्हते.

"ती कंपनीवाल्यानं आपोआप ठेवली ना जी," खेमराज म्हणाला. "मंग आपोआप राहू द्या."

शेडवर परत आल्यावर तो वनिताकडे गेला. "ताई, आता बसून पाहा. दाने बसले. पन दान्यांले कंबर नाई ना, म्हनून तुमीच सांगा."

वनिता पुढच्या सीटवर बसली, तणसाचे पोते न घेता. झाकण तिने मांडीवर ठेवले. मी पुन्हा त्याच रस्त्याने निघालो. दूरवर तिरोड्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसू लागल्या. नऊ किलोमीटर ती बोलली नाही. बुधवारी तिच्या गप्प बसण्याचा अर्थ मी चुकीचा लावला होता, म्हणून या वेळी अर्थच लावला नाही. मग ती म्हणाली,

"दिवाळीपासून तुम्ही मला नेहमीचीच आहे, नेहमीचीच आहे म्हणत होता."

"हो."

"नव्हती."

"नव्हती," मी म्हणालो. हे मी आधी म्हणालो असतो तर तिच्या पाठीचे तीनशे किलोमीटर वाचले असते, हेही खरे. पण मग गोंदिया शहर पाहिले गेले नसते. हे मी तिला सांगितले नाही. एवढे शहाणपण मला शुक्रवारपर्यंत आले होते.

तिकिटाबद्दल मात्र ती काही बोलली नाही.

शनिवार. गोंदिया ते अमरावती

दामोदरजी आदल्या दिवशीच एसटीने परतले. तणसाचे पोते त्यांनी गाडीतच ठेवले, "असू द्या, कामी येते" म्हणून. आम्ही रात्र लॉजवर काढली. सकाळी मी गाडी काढली आणि ज्या चौकातून एक रस्ता स्टेशनकडे जातो आणि दुसरा इथल्याच गोरेगाववरून कोहमाऱ्याकडे, तिथे थांबलो. मागे रिक्षा भोंगे वाजवत होत्या.

"स्टेशन?" मी विचारले.

वनिताने मोबाइलवर तिकीट उघडून काहीतरी दाबले, मग कपाळावरची टिकली काढली. पुढे वाकली, आणि पडद्यावर जिथे हिरवी ओळ उमटते नेमक्या त्या जागी ती चिकटवली.

"चला," ती म्हणाली. "भैया लोक ओरडून राहिले."

मग तिने डब्याचे झाकण मांडीवर घेतले. त्यात टाकायला मी खेमराजकडून आणलेले दाणे मोजून घेतले, एकवीस. ती म्हणाली, कशाला? मी म्हणालो, नोंद असावी. ती म्हणाली, टाका.

कोहमाऱ्यावरून महामार्गाला लागलो. टिकलीमुळे मला बत्ती दिसत नव्हती. पहिले पंधरा किलोमीटर मी अस्वस्थ होतो. नंतर मला महामार्गालगतचेही पुंजणे दिसले. येतानाही ते होतेच, पण तेव्हा मी रस्त्यापेक्षा पडद्याकडे जास्त पाहत होतो. साकोलीला टपरीवाली बाई दारातच होती. वनिता बाकावर बसून चहा प्यायली, पूर्ण. बाई म्हणाली, "आता बरं वाटून राह्यलं का?" वनिता म्हणाली, "हो जी. गाडीचं डोकं दुखत होतं."

साकोलीच्या पुढे ती झोपली. ऑपरेशनपासून ती चालत्या गाडीत कधी झोपली नव्हती. मी आवाज न करता गिअर बदलत होतो. नागपूरच्या बाहेरून वळसा घेतला. एका गतिरोधकावर जरा जोरात गेलो आणि श्वास धरला. ती कूस बदलून पुन्हा झोपली. झाकण मांडीवरच होते.

अमरावतीत घरासमोर गाडी थांबली तशी ती जागी झाली. मी वही काढली. सरासरी अठरा पूर्णांक सहा. येतानाच्या मानाने लिटरला जवळजवळ तीन किलोमीटर कमी. बत्तीच्या टक्क्यांचा रकाना मोकळा. वहीतला हा पहिला मोकळा रकाना आहे. मी तिथे काय लिहावे याचा विचार केला आणि लिहिले: "साकोलीनंतर झोपली."

मग झाकण घेऊन दाणे मोजले. एकोणीस. पुन्हा मोजले. एकोणीसच. तिच्या शालीच्या घड्या पाहिल्या, सीटखाली हात घातला.

"काय शोधताय?"

"दोन मिसिंग आहेत."

वनिताने झाकणात पाहिले, माझ्याकडे पाहिले.

"मिसिंग नसतील," ती म्हणाली. "सोय असेल. तेरावा कोणता?"